जर्वासदादाची किल्ली

झिंबाले गावचा भूमिपुजारी सकाळी अंगणात बसून कडुनिंबाच्या काडीने दात घासत होता, आणि त्याच्या दारात त्याच्याच मयताला माणसं जमायला लागली. आधी शेजारच्या वस्तीतल्या बायका गळा काढून आल्या. मागून पलीकडच्या गावचे दोघं डोक्यावर ग्यिल घेऊन आले, कारण ग्यिलच्या लाकडी पट्ट्या वाजल्याशिवाय आमच्याकडे माणूस पुरता मरत नाही. म्हाताऱ्याने काडी बाजूला काढून विचारलं, "कोण गेलं गं?" तशी पुढच्या बाईचं रडणं घशातच अडकलं.

"बाबा, तुम्हीच," ती म्हणाली. "रेडिओवर सांगितलं. क्लोटिल्डा स्वतः म्हणाली."

क्लोटिल्डा त्या वेळी सोमवारच्या मिस्सेसाठी चर्चमध्ये होती. मिस्सा संपवून बाहेर आली, फोन चालू केला, तर पंधरावीस जणांचे फोन येऊन गेलेले. पहिलाच उचलला तो स्टेशनच्या समितीचे अध्यक्ष पास्कल मास्तर यांचा. मास्तर एरवी इतके सावकाश बोलतात की ऐकणाऱ्याला मधे डुलकी लागावी. आज ते एका दमात म्हणाले, "बाई, तू जिवंत माणसाला मारलंस. ये इकडे."

इतर ठिकाणी लोक रेडिओ गाण्यांसाठी लावत असतील. आमच्या स्टेशनवरची गाणी कुणी धड ऐकत नाही. सकाळचं मयताचं निवेदन मात्र म्हातारीकोतारीसुद्धा कानाला रेडिओ लावून ऐकतात. कोण गेलं, कुठल्या घरचं, माती कधी, हे ऐकून माणसं सायकली काढतात, बाया पिटोची, म्हणजे ज्वारीच्या दारूची, मडकी चुलीवरून उतरवून ठेवतात आणि तिघे-चौघे एका मोटरसायकलवर बसून निघतात. त्या निवेदनाचा आवाज क्लोटिल्डाचा; ती ते आधी भरून ठेवायची आणि संगणक वेळेवर वाजवायचा. 'क्लोटिल्डा म्हणाली म्हणजे गेला', अशी म्हणच पडली होती. तिच्याकडे घर म्हणावं असं घर नव्हतं, नवरा राजधानीत, आक्राला जाऊन तिकडचाच झाला होता. होता तो हा आवाज, आणि लोकांचा त्याच्यावरचा विश्वास. तो गेला तर तिच्याजवळ मागे काय उरणार होतं?

स्टेशनवर पोचल्यावर तिने संगणकावर सकाळचं निवेदन लावून ऐकलं. आवाज तिचाच, शंकाच नको. 'झिंबालेच्या भूमीचा राखणदार पूर्वजांच्या घरी गेला आहे.' पण हा आवाज जुना होता. जरा कोवळा, जरा घाई करणारा. आधीचा पुजारी वारला तेव्हा तिनेच हे निवेदन भरलं होतं. भूमिपुजाऱ्याचं नाव मरणात घेत नाहीत, नुसतं पद सांगतात. त्यामुळे गेलेल्याचं निवेदन आज असलेल्याला चपखल बसलं. जुन्या कपाटातला सदरा कुणीतरी भलत्याच्या अंगावर चढवला होता.

"हे आपोआप झालेलं नाही," ती मास्तरांना म्हणाली. "जुन्या साठ्यातून उचलून कुणीतरी आजच्या कप्प्यात ठेवलंय."

"कोण ठेवेल?"

क्लोटिल्डाच्या डोळ्यांसमोर लगेच एक दात विचकून हसणारा चेहरा आला होता.

तो चेहरा अबुगरेचा. अबुगरे बोल्गा शहराचा, फ्राफ्रा जमातीचा. फ्राफ्रा आणि आम्ही दागाबा, आमच्यात मस्करीचं नातं. ते आजोबांच्या आजोबांपासून चालत आलेलं. फ्राफ्राने आम्हाला गुलाम म्हणायचं, आम्ही त्याला कुत्रेखाऊ म्हणायचं. त्याने आमचं ताट पळवायचं, आम्ही त्याची टोपी. आणि कुणीही, काहीही झालं तरी, रागवायचं नाही. सख्ख्या भावाला बोललात तर डोकी फुटतील असं काहीबाही आम्ही एकमेकांना तोंडावर बोलतो आणि वर एकाच भोपळ्यातून पिटो पितो.

स्टेशनची कुलपं याच अबुगरेने बसवली होती. पूर्वी आमचा कारभार म्हणजे धर्मशाळा. संगणकात बाहेरून शिरायला सगळ्यांना मिळून एकच परवलीचा शब्द, तोही गावाचंच नाव. पिटो विकणाऱ्या बाईलासुद्धा तो ठाऊक होता. मग एक दिवस कुठल्या देशातला कोण परका त्यातून आत शिरला, सगळं कोंडून ठेवलं, आणि भर प्रार्थनेच्या वेळी रेडिओवर जुगाराच्या जाहिराती वाजायला लागल्या. बिशपसाहेबांचा निरोप आला तेव्हा मास्तरांची पाचावर धारण बसली. मग बोल्गाहून अबुगरेला बोलावलं.

"ह्या गुलामांना दार लावायलाही मालक लागतो," असं म्हणतच तो मोटरसायकलवरून उतरला होता. त्याने बाहेरचं उघडं दार कायमचं बंद केलं आणि इंटरनेटमधून स्टेशनपर्यंत एक बंदिस्त खासगी वाट काढली. टेकडीवरचं प्रक्षेपण यंत्र, स्टुडिओतला संगणक, सगळं त्या वाटेच्या आत. आत यायचं तर प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची स्वतःची किल्ली, वर दर वेळी नवा आकडा. एकाचा फोन हरवला तर त्याची तेवढी किल्ली मोडायची, बाकीच्यांना त्रास नाही. आणि कोण कधी आत आलं, ते यंत्र स्वतःच लक्षात ठेवणार.

"म्हणजे मी घरी बसून टेकडीवरचं यंत्र चालू-बंद करू शकते?" क्लोटिल्डाने विचारलं होतं.

"करू शकतेस. आणि मी बोल्गात बसून तुला चालू-बंद करू शकतो."

"कुत्र्याचं मुंडकं खाऊन अक्कल वाढते वाटतं!"

"वाढते तर. म्हणून तर तुम्हाला नुसती शेपटी देतो आम्ही."

तेव्हा ती पोट धरून हसली होती. आज तेच शब्द तिला वेगळेच ऐकू आले.

तिने यंत्राला विचारलं, काल आत कोण आलं होतं? उत्तर आलं: जर्वास देरी, रविवारी दुपारी.

जर्वासदादा! स्टेशन ज्याने उभं केलं, तिला निवेदन करायला ज्याने शिकवलं, तो गेल्या पावसाळ्यात गेला होता. तिने स्वतः त्याचं निवेदन वाचलं होतं, मातीला ती स्वतः उभी होती. तिने मागचं पाहिलं. मागच्या रविवारी जर्वास. त्याच्या मागच्या रविवारीही जर्वास. मेलेला माणूस महिनोन्‌महिने रविवारी दुपारी ऑफिसात येत होता, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण भुताला फोनमधला आकडा टाकता येत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

जर्वासदादा गेल्यावर तिनेच अबुगरेला म्हटलं होतं, दादाची किल्ली मोडून टाक. तेव्हा तो काय म्हणाला होता? म्हणाला होता, "अगं, तुमच्या लोकांनी त्याचं शेवटचं श्राद्ध घातलं नाही अजून. त्याचं धनुष्य भिंतीवर आहे, त्याचं बसायचं कातडं तसंच आहे, आणि तुला त्याची किल्ली मोडायची घाई? कसली बहीण तू!" आणि मग काहीतरी चावट बोलून त्याने विषय बदलला होता. तेव्हा तिला ते बरंच वाटलं होतं. आता मात्र ती मनाशी म्हणाली, विषय का बदलला? किल्ल्या करणारा कोण? तो. मोडणारा कोण? तो. मेलेल्याच्या नावाने आत यायचं तर त्याच्याइतकं सोपं कुणाला? राखणीला ठेवलेल्या कुंपणानेच शेत खाल्लं.

एकदा संशय आला की त्याला दाणापाणी कुठूनही मिळतं. मागच्या भेटीत तो स्टुडिओत एकटाच बराच वेळ का थांबला होता? आपण आत आलो तेव्हा फोन खाली का ठेवला? 'एक दिवस तुमचं स्टेशन पळवून बोल्गाच्या बाजारात विकणार' असं तो चारचौघांत म्हणाला होता. सगळे हसले होते. हसण्याच्या आड कुणी खरं बोलत असेल तर?

तिने फोन लावला.

"बोल, मोलकरणी," अबुगरे म्हणाला. "मालकाची आठवण कशी झाली?"

"जर्वासदादाच्या किल्लीने आत कोण येतं?"

पलीकडे एकदम शांतता. फार वेळ नाही, पण अबुगरेच्या तोंडाला एवढी शांतता माहीत नव्हती. मग तो नेहमीसारखा हसला.

"मी येतो. दुसरं कोण येणार? मेलेल्या दागाबाची खुर्ची गरम ठेवायला फ्राफ्राच लागतो."

"आज सकाळचं निवेदनही तूच लावलंस?"

"कुठलं?"

तिने सांगितलं. पुन्हा तेवढीच शांतता.

"हो, मीच," तो म्हणाला. "तुमच्या पुजाऱ्याच्या मयताला कुत्रं कापतील, मला मुंडकं मिळेल, म्हटलं चला."

"अबुगरे, मी मस्करी करत नाहीये."

"मग फ्राफ्राला फोन कशाला केलास? पाद्र्याला करायचा."

तिने फोन आपटला. मनाच्या एका कोपऱ्यात तिला कळत होतं की मस्करीच्या नात्यात विचारलेल्याला असंच उत्तर मिळतं. सरळ उत्तर देणारा फ्राफ्रा अजून जन्माला यायचाय. त्या दोन शांतता कसल्या, हाही प्रश्न तिने स्वतःला विचारायला हवा होता. पण पुजाऱ्याच्या घरून निरोप येऊन पडला होता: ज्या तोंडाने मारलं त्याच तोंडाने आज संध्याकाळी सांगा, हे कुणी केलं. नाहीतर आमच्या वस्त्यांमधलं एकही मयत तुमच्या रेडिओवर येणार नाही. बाजारात बाया तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजत होत्या. शिआच्या बियांचं तेल विकणारीने तर तोंडावरच विचारलं, "क्लोटिल्डा, माझा नंबर कधी लावतेस?" गर्दी हसली. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"पुरावा आहे का तुझ्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"त्याने कबूल केलंय, मास्तर. माझ्या कानांनी ऐकलंय."

"फ्राफ्राने दागाबाकडे कबूल केलं?" मास्तर भुवया चढवून म्हणाले. पण त्यांनी तिला थांबवलं नाही. त्यांनाही स्टेशन वाचवायचं होतं.

संध्याकाळी ती मायक्रोफोनसमोर बसली. आवाज तिने असा काही लावला की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. सकाळचं निवेदन खोटं होतं, ती म्हणाली. भूमीचा राखणदार सुखरूप आहे. ज्याच्या हाती आपण किल्ल्या दिल्या त्या बोल्गाच्या अबुगरेने आपल्या जर्वासदादाच्या नावाने आत शिरून हे केलं. त्याने स्वतः कबूल केलं आहे.

लोकांनी विश्वास ठेवला. लगेच ठेवला, सगळ्यांनी ठेवला. क्लोटिल्डा म्हणाली म्हणजे झालं! तिला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन ती टीझेडचा, म्हणजे पिठाच्या उकडीचा, मोठा गोळा भेंडीच्या सुपात बुडवून जेवली. रात्र पडायच्या आत तिने दोन किल्ल्या स्वतः मोडल्या, एक जर्वासदादाची आणि एक अबुगरेची. ते कसं करायचं हे अडीनडीसाठी अबुगरेनेच तिला शिकवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जर्वासदादाची बायको युजेनिया स्टेशनच्या दारात उभी. गळ्यात वैधव्याचा दोरा, पाय धुळीने पांढरे, पदराच्या गाठीत नवऱ्याचा फोन. श्राद्ध होईपर्यंत विधवेने असं चारचौघांत फिरायचं नसतं. क्लोटिल्डा उठून उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही? निरोप पाठवायचा, मी आले असते."

"त्या पोराचं नाव का घेतलंस?" युजेनिया म्हणाली. ती बसलीच नाही. "मी केलं ते."

"काय केलंत?"

"तुमच्या दादाचे डोळे गेले होते शेवटी. तुम्हाला कुणाला कळू दिलं नाही त्यांनी. दर रविवारी ते सांगायचे आणि मी ह्या फोनवरून निवेदनं लावायची. लांबच्या गावचं आधी, जवळचं मागून, म्हणजे लांबच्यांना निघायला वेळ मिळतो. ते गेल्यावर मी लावतच राहिले. श्राद्ध झालं नाही, तर माणूस पुरता गेला नाही. त्याचं काम पडून कसं राहू द्यायचं?"

क्लोटिल्डाला सोमवारचे कप्पे आठवले. लांबची गावं आधी, जवळची मागून, सगळं ओळीत. इतके महिने ती समजत होती की हे अबुगरेचं यंत्र करतं.

"ह्या रविवारी पुजाऱ्याच्या घरची बळीची सूचना लावायची होती," युजेनिया पुढे म्हणाली. "त्या सूचनेवर आणि जुन्या मयताच्या निवेदनावर, दोन्हींवर पुजारी असंच लिहिलेलं. फोनची काच फुटलीय. माझं बोट जुन्यावर पडलं."

"आणि अबुगरेला हे माहीत होतं?"

"तो किल्ली मोडायला म्हणून आधी माझ्याकडेच आला होता. मी त्याच्या पायाशी बसले. म्हटलं, श्राद्धापर्यंत राहू दे, आणि कुणाला सांगू नकोस, तुला तुझ्या आईची शपथ. तो म्हणाला, वहिनी, फ्राफ्राने गुपित सांगितलं तरी दागाबाला खरं वाटत नाही, काळजी करू नका." युजेनियाने डोळे पुसले. "तुला त्याची मस्करी कळली नाही? तुला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो; इथे चोरच नव्हता आणि फाशी तर देऊन झाली होती. त्याची मस्करी क्लोटिल्डाला कळली होती. पुरती कळली होती. तिला कबुली हवी होती म्हणून तिने ती कबुली म्हणून उचलली आणि हजारो घरांत वाटली.

तिने त्याला फोन लावला. उचलला नाही. मग लाव्राच्या रेडिओवरच्या मैत्रिणीला लावला. तिने सांगितलं की काल तुझं ऐकलं आणि आमच्या समितीने त्याच्या सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या. दवाखान्यानेही घेतल्या म्हणे. गाडीतळावर पोरांनी त्याची पिशवी उलटी करून तारा रस्त्यावर फेकल्या. "कुलपं लावणाऱ्याला एकदा चोर म्हटलं की संपलं गं," मैत्रीण म्हणाली. "पण तू सांगितलंस ते बरं केलंस."

त्याच संध्याकाळी ती पुन्हा मायक्रोफोनसमोर बसली. मास्तर म्हणाले, चार दिवस जाऊ दे, लोक विसरतील. ती म्हणाली, त्यांनी विसरलेलं मला नकोय. तिने युजेनियाचं नाव घेतलं नाही. निवेदनाची चूक स्टेशनच्या आतली होती, ती म्हणाली, आणि ती मुद्दाम केलेली नव्हती. अबुगरेने काहीही केलेलं नाही. त्याने माझ्याशी मस्करी केली आणि मी ती कबुली म्हणून तुम्हाला सांगितली. काल मी खोटं बोलले. मी, क्लोटिल्डा.

या वेळी मात्र लोकांनी विश्वास ठेवला नाही. बाजारात म्हणाले, काल खरं की आज खरं? कुणी म्हणालं, फ्राफ्राने तिला करणी केली. कुणी डोळे मिचकावून त्याहून वाईट म्हणालं. पुढच्या सोमवारी तिने एक मयत वाचलं, तर लोकांनी आधी त्या घरी फोन करून खात्री केली आणि मगच सायकली काढल्या. भूमिपुजाऱ्याकडे ती कोंबडा घेऊन पाया पडायला गेली, तेव्हा म्हातारा म्हणाला, "मला मारलंस त्याचं काही नाही, पोरी. मी हा बसलोय. त्या पोराकडे जा."

ती बोल्गाला गेली. तो घरी नव्हता, किंवा नाही असं त्याच्या आईने सांगितलं. तिने आईजवळ निरोप ठेवला, की युजेनियावहिनीसाठी तिच्या स्वतःच्या नावाची किल्ली करायची आहे. मास्तरांनी मान्य केलंय. आणि ती किल्ली तुझ्याशिवाय कुणी करायची नाही.

वहिनीसाठी तो आला. मोटरसायकल झाडाखाली लावली, चप्पल दाराबाहेर काढली. आमच्या स्टेशनात अबुगरेने कधी चप्पल काढली नव्हती.

"नमस्कार, मॅडम," तो म्हणाला.

तरी क्लोटिल्डाने कंबरेवर हात ठेवले. "आलास का रे कुत्रेखाऊ? बोल्गातली कुत्री संपली वाटतं सगळी."

"हो, मॅडम. संगणक चालू करता का?"

त्याने काम केलं. नीट केलं, नेहमीसारखं. युजेनियाच्या फोनची काच बदलून आणली होती. तिला चार वेळा आत जायला आणि बाहेर यायला लावलं, आणि तिच्याशी हसून, हळू आवाजात बोलला. क्लोटिल्डा मधे मधे बोलत राहिली. त्याच्या नाकावरून बोलली, त्याच्या गावावरून बोलली, त्याच्या आजोबांना तिच्या आजोबांनी मिठाच्या पिशवीवर विकत घेतलं होतं असंही म्हणाली. तो दर वेळी मान वर करून ऐकून घेत होता आणि म्हणत होता, "बरोबर आहे, मॅडम." युजेनिया खाली मान घालून बसली होती.

"जुन्या दोन्ही किल्ल्या मोडलेल्या आहेत, ते ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "माझी नवी केलेली नाही. आपल्याला अडचण आली तर टामालेला एक जण आहे, त्याचा नंबर लिहून ठेवतो."

"तुझी का नाही केलीस?"

"आपल्याला पुन्हा शंका यायला नको, मॅडम."

त्याने पिशवी आवरली. क्लोटिल्डा झटकन पुढे झाली आणि दारात, उंबऱ्यावर, आडवी झोपली. मयताच्या घरी मस्करीतला सोयरा असाच दारात लोळतो, आणि त्याला ओलांडून जायचं तर शिव्या द्याव्या लागतात, पाय धरून ओढावं लागतं, बदल्यात काहीतरी कबूल करावं लागतं. तिचं लुगडं धुळीत मळलं. आत-बाहेर करणाऱ्या दोघी-तिघी हसायच्या बेतात थांबल्या.

"जा आता!" ती खालून ओरडली. "गुलामाला ओढल्याशिवाय मालकाला वाट नाही! ओढ! शिवी दे! दे ना रे अबुगरे, एक तरी दे!"

अबुगरे पिशवी खांद्याला लावून तिच्या डोक्याशी उभा राहिला. त्याने ना तिला ओढलं, ना तो तिला ओलांडून गेला. दोन्ही हात जोडून, थोडा वाकून, वडीलधाऱ्यांशी बोलतात तसा तो थांबून राहिला.

"मॅडम, उठा," तो म्हणाला. "कपडे खराब होतील. आणि मला अंधार पडायच्या आत पोचायचंय."

ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, लुगडं झटकलं आणि दारातून बाजूला झाली.

"आभारी आहे," अबुगरे म्हणाला, आणि चपला घालून निघाला.